एनच्या डोक्यावरची लाट

'तेंगो किन्से आन्योस.' माझं वय पंधरा वर्षं. शब्दाला शब्द लावला तर 'माझ्याकडे पंधरा वर्षं आहेत', कारण स्पॅनिशमध्ये वय आपल्यापाशी असतं, साठवल्यासारखं. पहिल्या आठवड्यात शिकवलं जाणारं हे वाक्य एका मुलीनं सरावाच्या ॲपमध्ये टाइप केलं आणि 'आन्योस'मधल्या रोमन एनच्या डोक्यावरची छोटीशी लाट द्यायची राहून गेली. ॲपनं हिरवी खूण केली, घंटा वाजवली, पुढचं वाक्य समोर आणलं. खाली बारीक करड्या अक्षरांत 'चिन्हांकडे लक्ष द्या' अशा अर्थाची ओळ होती, ती वाचून होण्याआधीच निघून गेली. लाट नसेल तर तो शब्द 'आनोस' असा वाचतात, आणि मग त्यात वर्षं उरत नाहीत. उरतो शरीराचा असा एक भाग, ज्याचं नाव चारचौघांत कुणी घेत नाही. माणसानं ते वाक्य वाचलं असतं तर त्याची नजर क्षणभर तरी अडखळली असती. मुलीला यातलं काहीच कळलं नाही. तिला गुण मिळाले होते.

ती हिरवी खूण डोक्यातून जात नाही.

स्पॅनिश शिकवायची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला आज तंत्रज्ञानाबद्दल काहीतरी ठरवावं लागतं. बाजूनं बोलणारे पुष्कळ, विरोधात बोलणारेही पुष्कळ. पण वाद बहुतेक वेळा पडद्यापुढे किती वेळ बसायचं यावर होतो, आणि मला खरा प्रश्न दुसरीकडे दिसतो. यंत्र फार समजूतदार आहे. आपण चुकलो तरी आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळतं. आणि भाषा शिकताना तर समोर न समजणारं कुणीतरी लागतं, 'काय म्हणालीस?' असं विचारणारं. आपण मराठीत 'भाग' आणि 'भांग' यातला फरक असाच शिकलो. डोक्यावरचा एक ठिपका राहिला म्हणून कुणीतरी हसलं, कुणीतरी टोकलं, आणि तो ठिपका कायमचा हाताला लागला. एनवरची लाट ही त्या ठिपक्याची दूरची नातेवाईकच म्हणायची. मध्ययुगातले लेखनिक चर्मपत्र आणि वेळ वाचवायला लागोपाठचे दोन एन लिहिण्याऐवजी एकच लिहीत आणि दुसरा त्याच्या डोक्यावर बारीक काढीत. लॅटिन 'आन्नुस'चा 'आन्यो' झाला तो असा. आपण 'अङ्क' न लिहिता 'अंक' लिहितो, तीच ही बचत. म्हणजे लाट हेच मुळात त्या काळचं तंत्रज्ञान होतं, हाताचे श्रम वाचवणारं. आणि पुढे तिचंच 'एन्ये' नावाचं स्वतंत्र अक्षर झालं. स्पॅनिशची वर्णमाला आज २७ अक्षरांची आहे, त्यातलं हे एक.

या अक्षरासाठी एक देश भांडलाही आहे. स्पेनमध्ये विकायच्या संगणकांच्या कीबोर्डवर एन्ये असलीच पाहिजे, असा तिथला नियम होता. युरोपीय समुदायाला तो व्यापारातला अडथळा वाटला. वाद पेटला १९९१ च्या सुमाराला, आणि १९९३ मध्ये स्पेननं संस्कृतीच्या रक्षणाचं कलम पुढे करून ते अक्षर कीबोर्डवर कायम राखलं. म्हणून स्पॅनिश कीबोर्डवर एलच्या लगेच उजवीकडे, जिथे इंग्रजीत अर्धविराम असतो तिथे, एन्येची स्वतःची कळ आहे. करंगळी सहज जाते तिथे.

त्या मुलीच्या कीबोर्डवर ती कळ नव्हती. चूक तिच्या अज्ञानाची नव्हतीच, तिला लाट माहीत होती. ती कशी काढायची ते कुणी दाखवलं नव्हतं. म्हणून कुठलंही ॲप उघडण्याआधी एक अर्धा तास फक्त कीबोर्डला द्यावा असं माझं ठाम मत आहे. फोनवर सोपं आहे: सेटिंग्जमध्ये जाऊन स्पॅनिश कीबोर्ड जोडायचा, किंवा इंग्रजीच ठेवून एन दाबून धरायचा, वर एन्ये उगवते. विंडोजवर ऑल्ट धरून उजवीकडच्या अंकांच्या कळांवर १६४ दाबलं की छोटी एन्ये येते, १६५ ला मोठी, १६८ ला उलटं प्रश्नचिन्ह. पण लॅपटॉपवर बहुधा त्या वेगळ्या अंककळा नसतात आणि वरच्या ओळीतल्या अंकांनी हे होत नाही. मुलं तिथेच अडकतात आणि नाद सोडतात. त्यापेक्षा 'युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल' ही मांडणी बरी: उजवा ऑल्ट आणि एन एकत्र दाबले की एन्ये, एकेरी अवतरणचिन्ह दाबून मग स्वर दाबला की त्या स्वरावर आघाताची तिरकी रेघ. हिची एक खोड आधीच सांगून ठेवावी लागते. अवतरणचिन्ह दाबलं तरी पडद्यावर काही उमटत नाही, ते पुढच्या अक्षराची वाट बघत बसतं. नुसतं अवतरणचिन्ह हवं असेल तर मागोमाग स्पेसबार दाबायचा. हे न सांगितल्यास दोन दिवसांत 'कीबोर्ड बिघडला' म्हणून मुलं ती मांडणी काढून टाकतात. मॅकवर ऑप्शन आणि एन दाबायचं, सोडायचं, पुन्हा एन. मग दहा शब्द टाइप करायला द्यायचे: मान्याना, निन्यो, सेन्योरा, एस्पान्या असे. एवढ्यानं भागतं.

आणि हो, स्पॅनिश कीबोर्ड जोडलात तर त्यातली आपोआप दुरुस्ती आणि शब्द सुचवणं बंद करायला विसरू नका. नाहीतर गाडी दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यात जाते. मूल लाटेशिवाय टाइप करतं, फोन स्वतःच ती चढवून देतो, वही निर्दोष दिसते आणि हात कोराच राहतो.

यंत्राचा समजूतदारपणा जसा नको तिथे असतो, तसा त्याचा हट्टही नको तिथे असतो. आपोआप तपासल्या जाणाऱ्या प्रश्नपत्रिकांत हे हमखास भेटतं. उत्तराच्या रकान्यात मुलानं 'आन्योस' लिहिलेलं आहे, नमुना उत्तरातही 'आन्योस' आहे, दोन्ही डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसतात, तरी समोर लाल फुली. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, एन्ये दोन प्रकारे लिहिता येते: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा एन आणि त्यावर चढवलेली सुटी लाट अशा दोन खुणांनी. पडद्यावर एकच चित्र, आत साठवलेलं वेगळं. जी प्रणाली तुलना करण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घेत नाही, ती बरोबर उत्तराला चूक ठरवते. शेवटी नकळत पडलेली मोकळी जागा आणि वाक्याच्या सुरुवातीचं मोठं अक्षर यांचंही तेच. त्यामुळे नमुना उत्तरं एकाहून अधिक द्यावीत, आणि आपोआप तपासलेले गुण जाहीर करण्याआधी लाल फुल्यांवरून तरी एकदा नजर फिरवावी. तीस मुलांच्या दहा प्रश्नांना पाच-सात मिनिटं लागतात. एखाद्या मुलानं बरोबर लिहून फुली घेतली आणि शिक्षकाला ती दिसलीच नाही, यासारखी वाईट गोष्ट नाही.

आता आवाजाकडे वळू. यंत्राचा खरा उपयोग मला तिथेच दिसतो, आणि खरा धोकाही.

स्पॅनिशमध्ये 'आब्लो' म्हणजे 'मी बोलतो'. आणि 'आब्लो' म्हणजेच 'तो बोलला'. देवनागरीत दोन्ही एकसारखे उमटले, कारण आपल्या लिपीत आघात दाखवायची सोयच नाही. पहिल्यात जोर 'आ'वर, दुसऱ्यात 'ब्लो'वर, आणि रोमन लिपीत त्या दुसऱ्याच्या शेवटच्या 'ओ'च्या डोक्यावर तिरकी रेघ. 'पापा'चंही असंच: जोर पहिल्या अक्षरावर असेल तर पोप, दुसऱ्यावर असेल तर बाबा. नियम तसा सरळ आहे. शब्द स्वरानं, एननं किंवा एसनं संपत असेल तर जोर उपांत्य अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर, आणि ज्या शब्दाला हा नियम मोडायचा आहे त्यानं डोक्यावर रेघ घेऊन यायचं. पण मराठी कानाला हा नियम आधी ऐकू यावा लागतो. आपल्याकडे जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान तिकडे लक्षच देत नाही. मूल 'तो बोलला' म्हणायला जातं, जोर सगळीकडे सारखाच वाटून टाकतं, आणि वर्तमान-भूतकाळ, मी-तो सगळं एकात एक मिसळतं.

इथे ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर फार कामाचं आहे. ते काही समजून घेत नाही, हाच त्याचा गुण. आवाज जसा आला तशी त्याची आकृती काढतं. फोनचा माइक ओठांपासून वीतभर, थोडा एका बाजूला धरायचा, समोर धरला तर 'प' म्हणताना श्वासाचा फटका बसून आकृती फुगते. ध्वनिमुद्रण एकाच चॅनेलवर, पंखा बंद. आधी स्पॅनिश मातृभाषा असलेल्या माणसाचा आवाज वरच्या पट्टीत आणायचा. फोर्वोसारख्या संकेतस्थळावर एकेका शब्दाचे असे उच्चार मिळतात. खालच्या पट्टीत मुलाचा. मग दोन्ही मोठे करून शेजारी-शेजारी बघायचे. 'पेरो' म्हणजे 'पण'. त्यातल्या 'र'च्या जागी आकृतीत एकच बारीक खाच दिसते, सेकंदाचा चाळिसावा-पन्नासावा भाग टिकणारी. जिभेचं टोक वरच्या हिरडीला एकदाच चाटून गेलेलं. 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. तिथे अशा दोन-तीन खाचा ओळीनं, कंगव्याच्या दातांसारख्या. मुलाच्या आकृतीत एकच खाच असेल तर चर्चा करायला काही उरत नाही. 'जीभ सैल सोड, हवा जास्त सोड' एवढंच सांगायचं, पुन्हा रेकॉर्ड करायचं, खाचा मोजायच्या. हे दृश्य मनात आणलं तरी मला शिकवायचा हुरूप येतो: मूल स्वतःच्या जिभेचे ठोके मोजतंय. आघातासाठीही हीच युक्ती चालते. ज्या अक्षरावर जोर, ते बहुधा लांबलेलं आणि उंच दिसतं. सुराची चढउतार पाहायची असेल तर ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं 'प्रात' नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. मात्र त्याच्या खिडक्या पहिल्यांदा गोंधळवतात, म्हणून ते शिक्षकानं हाताळावं आणि मुलांना फक्त चित्र दाखवावं.

याच्या अगदी उलट वागणारं साधन म्हणजे बोललेलं लिहून देणारा फोन. बरेच जण उच्चाराची परीक्षा म्हणून तोच वापरायला सांगतात: फोनमध्ये बोल, बरोबर उमटलं की उच्चार बरोबर. हे फसवं आहे. 'एल पेर्रो लाद्रा', कुत्रा भुंकतो, हे वाक्य मुलानं 'पेरो' असं एकाच ठोक्यानं म्हटलं तरी फोन 'पेर्रो' लिहून देण्याचीच शक्यता जास्त, कारण 'पण' भुंकत नाही हे त्याला शब्दांच्या शेजारावरून कळतं. त्यानं उच्चार ऐकला कमी, अंदाज बांधला जास्त. पुन्हा हिरवी खूण, पुन्हा कोरा हात. हे साधन वापरायचंच तर त्याचा अंदाज काढून घ्यावा लागतो. सुटे शब्द द्यायचे, वाक्य नाही. कारो आणि कार्रो, पेरो आणि पेर्रो, कोरो आणि कोर्रो, उलटसुलट क्रमानं सहा शब्द. मुलानं बोलायचं, फोननं काय लिहिलं ते कागदावर उतरवायचं, मग यादीशी ताडून बघायचं. आणि एवढं करूनही फोनपेक्षा शेजारचा विद्यार्थी चांगला परीक्षक असतो. एकानं पाठ करून सहा शब्द म्हणायचे, दुसऱ्यानं जे ऐकू आलं तेच लिहायचं, मदत करायची नाही. फोन मधे फक्त रेकॉर्ड करत पडलेला, भांडण झालंच तर पुरावा म्हणून.

संवाद साधणाऱ्या नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. लाजऱ्या मुलाला तिच्यासारखा जोडीदार नाही. ती कंटाळत नाही, घाई करत नाही. पण मोकळं सोडलं तर ती चौथ्या वाक्याला अवघड संकेतार्थी रूपं काढते आणि मुलाचं तुटकं वाक्य उदारपणे समजून घेऊन पुढे जाते. लाट नसलेल्या वर्षांचंही तिला काही वाटत नाही. म्हणून सुरुवातीलाच तिला बांधून घालावं: ए-एक, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचे शब्द, फक्त वर्तमानकाळ, एका वेळी एकच प्रश्न, अर्थ अंधुक असेल तर 'समजलं नाही' असं म्हणायचं, आणि दहा वाक्यांनंतर मुलाच्या तीनच चुका दाखवायच्या. सगळ्या चुका एकदम दाखवल्या तर मूल एकही वाचत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. मराठी मुलाला स्पॅनिश जितकी जवळची आहे, तितकी ती यंत्रातून पोचत नाही, कारण ॲप मधे इंग्रजी आणून बसवतं. 'मे गुस्ता एल लिब्रो': मला पुस्तक आवडतं. 'मे गुस्तान लोस लिब्रोस': मला पुस्तकं आवडतात. पुस्तकं अनेक झाली की क्रियापद अनेकवचनी होतं, आवडणारा एकटाच असला तरी. हे वाक्य मराठी मुलाला जन्मापासून येतं. पण इंग्रजीतून शिकवणाऱ्या धड्यात यासाठी पानभर समजावणी असते, आणि ती वाचून मूल उगाच घाबरतं. 'बेओ एल लिब्रो', मी पुस्तक बघते. 'बेओ आ मारिया', मी मारियाला बघते. माणूस आला की मधे 'आ' आला, जसा आपला 'ला' येतो. इंग्रजीत यातलं काही नाही. 'एस्तोय कान्सादो' आणि 'एस्तोय कान्सादा' म्हणजे 'मी दमलो' आणि 'मी दमले'. मुलगी भाषांतराच्या यंत्रात 'मी दमले' लिहिते. अनेक यंत्रं मधल्या पायरीला इंग्रजीतून जातात, तिथे 'आय ॲम टायर्ड' झालं की बाई पुसली जाते, आणि पलीकडे 'कान्सादो', पुरुष, बाहेर येण्याची भीती असते. 'तू' आणि 'आपण' यांचंही तसंच. स्पॅनिशमध्ये 'तू' अगदी आपल्यासारखाच 'तू' आहे आणि आदरासाठी 'उस्तेद' आहे, पण इंग्रजीच्या एकाच शब्दातून जाताना आदर गळून पडतो. म्हणून भाषांतराचं यंत्र वर्गातून हद्दपार करण्यापेक्षा ते फळ्यावर उघडावं, 'मी दमले' आणि 'मी दमलो' दोन्ही घालावेत, आणि काय बाहेर आलं ते मुलींनाच तपासायला सांगावं. ज्या मुलीनं स्वतःला पडद्यावर पुल्लिंगी झालेलं पाहिलं, ती 'कान्सादा' विसरणार नाही.

शब्दांच्या पाठांतराबद्दल थोडक्यात. विसरण्याचा वेग एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये मांडला, आणि त्यावर बेतलेली, विसरायच्या बेताला शब्द पुन्हा समोर आणणाऱ्या अँकीसारख्या ॲपमधली कार्डं उत्तम चालतात, पण संख्या आवरली तर. अँकीत दिवसाला वीस नवी कार्डं आधीच ठरवलेली असतात. तशीच ठेवली तर काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशे-दोनशेवर जाते आणि मूल एका रविवारी सगळं सोडून देतं. आठ पुरेत. नाम कधीच एकटं लिहू नये: 'ला मानो', 'एल दिया', 'एल प्रोब्लेमा', कारण शेवटच्या स्वरावरून लिंग ओळखायला जावं तर हेच तीन शब्द फसवतात. आणि कार्डाच्या पुढच्या बाजूला शक्यतो आवाज, अक्षर मागे.

बाकी वर्गातली साधनं म्हणजे तयारीची बाब. ध्वनिफिती आदल्या दिवशी उतरवून ठेवाव्यात, तीस फोन एकाच वायफायवर आले की व्हिडिओ हमखास अडतो. ऐकता ऐकता सोबत बोलायचा सराव असेल तर वायरचा स्पीकर हवा. ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो आणि ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ऐकण्याचा तुकडा तीस-चाळीस सेकंदांचाच, आधी मजकुराशिवाय, मग मजकूर समोर ठेवून, मग पुन्हा मजकुराशिवाय. पटकन उत्तर देणाऱ्याला जास्त गुण देणाऱ्या प्रश्नमंजूषांमध्ये वेगाचे गुण बंद करावेत, कारण आघाताची रेघ बघणारं मूल तिथे नेहमी मागे राहतं.

हे सगळं नवं नाही, हेही खरं. अमेरिकेत १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याच्या पैशांतून शाळाशाळांत भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. खुराड्यांसारखे कप्पे, कानाला हेडफोन, टेपच्या एका पट्टीवर शिक्षकाचा आवाज, दुसऱ्या पट्टीवर मुलाचा. कल्पना सुरेख होती: दोन्ही लागोपाठ ऐक आणि फरक ओळख. पण फरक ओळखणारा कान मुलाकडे अजून तयार व्हायचा होता, आणि तीस कप्प्यांतले तीस आवाज ऐकायला एकच शिक्षक. २०१६ मध्ये सुरू झालेली सिएले ही स्पॅनिशची परीक्षा पूर्णपणे संगणकावर देतात, परीक्षार्थी यंत्रासमोर बोलतो. पण तो रेकॉर्ड झालेला आवाज पुढे माणूस ऐकतो आणि गुण देतो. मला यातून धीर येतो.

त्या पंधरा वर्षांच्या वाक्याचं काय करावं, याचं उत्तर मला आता साधं दिसतं. ॲप बंद करून मुलीला रागवायचं नाही, आणि तिचे गुणही काढून घ्यायचे नाहीत. तिला फोनमध्ये ते वाक्य म्हणायला सांगायचं. मग ती फीत शेजारणीच्या कानाला लावायची, वाक्य न दाखवता, आणि शेजारणीनं ऐकलेलं वहीत लिहायचं, पेनानं. बोललेल्या 'आन्योस'मध्ये 'न्य' स्पष्ट ऐकू येतो, जीभ टाळूला चिकटून सुटल्याचा. मग दोन्ही शेजारी ठेवायचे: पडद्यावरचं हिरव्या खुणेचं 'आनोस', आणि वहीतला शब्द, जो पुरता लिहून झाल्यावर पेन मागे येऊन, आपण अनुस्वार देतो तसं, एनच्या डोक्यावर लाट काढून गेलेलं आहे.